केवळाचा गळा

हे आजपतूर माझ्या तोंडाभाईर पडलं न्हाई. नवऱ्याला सांगितलं न्हाई, लेकीला न्हाई. देवापुढं डोळे मिटून हुभी राहिले तव्हाबी दुसरंच काई मागितलं आन् निघाले. तुमाला काहून सांगून राहिले? तुमचं तोंड मला दिसत न्हाई, म्हून असंल. वळखीचं मानूस समोर असलं की मी त्याच्या डोळ्याकडंच बघत राहते — ह्याला काय कळलं, किती कळलं. मंग बोलनं तिथंच राहतं.

माझं नाव धुरपता. आमी धनगर, मेंढरंवाले. कळमनुरी तालुक्यात, डोंगरकड्याच्या अंगाला आमचं गाव. साळंत मी दोन महिने गेले आसंन. सासरी आले तव्हा परकरात व्हते. बाप म्हनला, चल, तुला जत्रा दाखवतो. जत्रा नव्हतीच. एका वसरीत चार मानसं बसले व्हते, ते म्हनले चालून दाखव, आन् म्या चालून दाखवलं. तव्हापासून कोनी नुस्तं 'चल' म्हनलं तरी मी त्याच्या मागं कोन हुभं हाय ते आधी बघते.

संशय माझ्या हाडात हाय. डब्यातलं पीठ सारखं करून वरून पाच बोटं उठवून ठेवायची — कोनी घेतलं तर कळावं म्हून. सरपनाच्या मोळीला माझीच येगळी गाठ. सासू म्हनायची, "धुरपते, तू मेलीस तरी एक डोळा उघडाच ठेवशील." समदे हसायचे. मीबी हसायची. आन् कोन जास्त हसलं ते ध्यानात ठेवायची.

हे कारन म्हून सांगत न्हाई. मी कशी हाय ते सांगितलं फक्त.

आता केवळाचं. केवळा माझी धाकटी जाऊ. माझा दीर लक्ष्मन, त्याची बायको. वऱ्हाडाच्या शिवंवरची पोरगी. दिसायला बेतास बात, सावळी, दात थोडे पुढं. पन गळा — कसं सांगू? गोड नव्हता. गोड गळे लई असत्यात, ऐकले की इसरले. हिचा आवाज घोंगड्यावानी. खरबरीत, आंगाला टोचनारा, आन् एकदा पांघरला की काढू वाटत न्हाई. दळताना गायची, शेन सारताना गायची. एकच गानं दोनदा सारखं कव्हाच न्हाई. मधीच वाट सोडायची, भलतीकडंच जायाची, आता काई ही माघारी येत न्हाई असं वाटायचं — आन् मंग अशी बराबर जागेवर येऊन हुभी राहायची की काळजात लक्कन व्हायचं. कोनाच्या दुःखाचं गानं हाय ते कळायचं न्हाई. आपलंच हाय असं वाटायचं.

मला तिचं गानं आवडत व्हतं. हे आधीच सांगून ठेवते. आवडत नसतं तर माझं पाप थोडं हलकं झालं असतं.

तव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आमी परभनी जिल्ह्यात. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात भावकीत लगीन निघालं. हळद दळायला बायका बसल्या आन् केवळानं जात्यावर गळा सोडला. भाईर मांडवात कळमनुरीचा बँड येऊन टेकला व्हता. त्यायचा मास्तर क्लारनेट वाजवायचा. साठीला आलेला, मिशीला कलप, डाव्या पायानं लंगडा. त्याचं नाव घेत न्हाई, त्याचे नातू हायती. तो मांडवातून उठला, आमच्या भिताडाला टेकून हुभा राहिला आन् आतल्या गान्याच्या मागं भाईरून क्लारनेट वाजवायला लागला. आतून ही, भाईरून तो. मधी भिताड. बायकायनी जातं थांबवलं. केवळा थांबली न्हाई.

दुसऱ्या दिशी मास्तर सासऱ्यापुढं येऊन बसला. म्हनला, मामा, ही लेक माझ्या बँडात गाऊ द्या. वरातीत यायचं न्हाई, रस्त्यावर हुभं राहायचं न्हाई. पंगती बसल्या की मांडवात बसून, डोईवर पदर घेऊन गायाचं. सासरे सोता ढोल वाजवायचे, गान्याचं येड त्यायलाबी व्हतं. लई येळ तंबाखू मळत बसले. मंग म्हनले, "थोरली संगं जाईल. ती असली की माशीबी बसत न्हाई."

अशी मी तिची सोबतीन झाले.

तीन उन्हाळे फिरलो. जीपीत बसले ती पहिल्यांदा तिच्यामुळं. हिंगोली बघितली तिच्यामुळं. आमचे मानसं तिकडं मेंढरं घेऊन रानोमाळ, आन् आमी दोघी ह्या गावच्या लग्नातून त्या गावच्या लग्नात. तिसऱ्या साली तर लोक बँड इचारायचेच न्हाईत — "ती धनगरीन येनार का?" एवढंच इचारायचे. ती गायला लागली की म्हातारे पंगतीतून उष्ट्या हातानं उठून यायचे. तांड्यावरच्या लमानी बायका, ज्यायच्याकडं नवरी सोता गाऊन रडती, त्या म्हनायच्या, हिला आमच्याकडं द्या, आमच्या पोरीला रडायला शिकवंल. क्लारनेट तिच्या मागं मागं जायाची, कव्हा म्होरं जायाची. त्या दोघायचं काईतरी बोलनं चालू हाय आन् बाकीचे आपन दाराभाईर बसलोत, असं वाटायचं.

आन् मी? मी तांब्या धरायची. तिच्या चपला सांभाळायची. कोनी बाई शेजारी येऊन बसायची, इचारायची, "तुमी कोन?" तिची जाऊ. "मंग तुमी काय गाता?"

हा प्रश्न मला किती गावात इचारला असंल? म्या मोजला न्हाई. इसरलेबी न्हाई.

मंग मला गोष्टी दिसायला लागल्या. केवळानं चिच्चा खायाचं सोडलं, तिखट सोडलं. तोंडात कसली तरी काडी धरायची — जेष्ठीमध म्हनं. कोनी दिला? मास्तरनं. गळ्याला चांगला असतो म्हनं. दिसभर सोताशीच गुनगुन करायची, हाक मारली तर दोनदा मारावी लागायची. आन् मास्तरचं बोलनं! "बाई, तुमी मला घट्ट धरा." "हितं मला सोडा." "घाई करू नका, मी हाय ना मागं." हे समद्या मान्सायपुढं! आन् कोनी हसायचं न्हाई, कोनी चमकायचं न्हाई. मला वाटलं, समद्यायला ठावं हाय, मलाच ठावं न्हाई.

त्याच उन्हाळ्यात मास्तरनं निरोप आनला की नांदेडला एक जन केवळाच्या गान्याची कॅसेट काढतो म्हनून राहिला. आखाजीचा सन झाला की जायाचं. बारकी खोली असती, दारं-खिडक्या बंद करत्यात, आत गानारी आन् वाजवनारे, दुसरं कोनी न्हाई. केवळानं इचारलं, "मंग बाईला कुठं बसवायचं?" ती मला बाई म्हनायची. मास्तर हसून म्हनला, "बसतील भाईर सावलीला."

दारं-खिडक्या बंद. मी भाईर. तुमाला काय वाटलं असतं?

आन् मंग एका गावात, साळंच्या खोलीत बँड उतरला व्हता, मी तांब्या भरायला हापशावर गेले. माघारी आले तर आत ढोल ठोकून बघनं चालू, कोन पिपानी फुकून बघतंय, गलका नुस्ता. मी खिडकीपाशी थांबले. मी खिडकीपाशी थांबतेच. मास्तरचा आवाज आला — "तिथपतूर मी संगं हाय. म्होरं तुमाला मोकळं सोडतो. कुठंबी जा, भिऊ नका. समगा... तिथं भेटू." मधी ढोलाचा दनका बसला. केवळा म्हनली, "आन् मी चुकले तर?" "चुकत न्हाईत तुमी. मी थांबतो की. तुमी आल्याबिगर म्होरं जात न्हाई."

समगा. तुमी आमच्याकडचे असाल तर ठावं असंल — हिंगोलीजवळ कयाधूच्या काठाला समगा नावाचं गाव हाय. आमचं तिथं कोनी न्हाई. पावना न्हाई, सोयरा न्हाई. मंग समग्याला कशाला भेटायचं? आन् ही चुकली तर तो थांबून काहून राहतो?

माझ्या हातातला तांब्या सांडला न्हाई, काई न्हाई. मी आत गेले, तिला पानी दिलं. तिनं पेलं.

घरी आल्यावर सासऱ्याला सांगितलं. रडून न्हाई, वरडून न्हाई. चुलीपुढून, खालच्या आवाजात. तसं सांगितलं की लोक जास्त खरं मानत्यात, हे मला ठावं व्हतं. सासऱ्यानं लक्ष्मनला निरोप धाडला — मेंढरं तव्हा पैनगंगंच्या अंगाला व्हती, यायला चार-पाच दिस लागनार. मधी पुसेगावच्या लग्नाची सुपारी घेतलेली व्हती. सुपारी घेतली म्हंजे बोल दिला. सासरे म्हनले, "कोनाचं लगीनघर अडवायचं न्हाई. जा. डोळा ठेव."

हितपतूर चूक हाय, असं म्हना. कानाची चूक, मनाची चूक. मानूस चुकतं. हितून म्होरं जे हाय ते चूक न्हाई.

पुसेगावला मी ढोलकीवाल्याच्या शेजारी बसले. म्हातारा व्हता, पानानं तोंड लाल, समद्याची थट्टा करनारा. म्या उगंच इचारल्यावानी केलं, "का हो बाबा, समगा हितून किती लांब पडतं?"

"समगा? काहून, पोरगी द्यायची काय तिथं?"

"न्हाई. मास्तर म्हनत असतो ना आमच्या जावंला. समगा, तिथं भेटू."

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. आन् मंग असा हसला, असा हसला की तोंडातलं पान भाईर आलं. "अवो बाई! सम गाठा! सम गाठा म्हनतो तो! सम म्हंजे ठेका फिरून फिरून जिथं येतो ती जागा. हे बघा —" आन् त्यानं ढोलकीवर बोटं फिरवली, तोंडानं मोजत गेला, आन् एका जागी थाप मारली. "ही. हिला सम म्हनत्यात. गानारानं कुठंबी भटकावं, हितं येऊन भेटायचं. तिथं यसटी जात न्हाई, बाई!" आन् पुन्ना हसला.

ती थाप मला अजून ऐकू येती, असं म्हनले तर तुमी म्हनाल म्हातारी रचून सांगून राहिली. ऐकू येत न्हाई. पन तव्हा ऐकू आली, आन् कळलं. समदं एका दमात कळलं. धरा म्हंजे काय, सोडा म्हंजे काय. मोकळं सोडतो म्हंजे काय. त्याच येळंला केवळा गात व्हती, आन् म्या पहिल्यांदा बघितलं — ती लांब लांब गेली, क्लारनेट थांबून राहिली, आन् ती आली, तिथंच आली. मास्तरनं मान हलवली. बस. एवढंच व्हतं त्यायचं भेटनं.

जीपीत येताना मी सांगनार व्हते. खरंच सांगनार व्हते का? — तुमाला आता काई म्हनलं तरी तुमी कशावरून मानाल? मीबी मानत न्हाई. केवळा माझ्या शेजारी बसली व्हती. म्हनली, "बाई, नांदेडला तुमी आतच बसायचं. म्या मास्तरला बजावलंय. बाई भाईर, तर मीबी भाईर. तुमी दिसल्या न्हाईत तर माझा गळा निघत न्हाई."

म्हंजे तेबी खोटं ठरलं. माझ्या हातात एकबी संशय राहिला न्हाई. म्या भाईर बघितलं. सेनगाव गेलं, हिंगोली गेली, कळमनुरी गेली. मी बोलले न्हाई.

घरी लक्ष्मन येऊन बसला व्हता. आन् सासरे — वीस वर्सं त्या घरात झाले मला, त्या मान्सानं माझ्या तोंडाकडं बघून एक शब्द कव्हा इचारला नव्हता — सासरे बाजंवर सरकले आन् म्हनले, "ये धुरपता. बस." बाजंवर! समद्यायपुढं. सासूनं माझ्यासाठी पान्याचा तांब्या आनला. मी बसले. बरं वाटलं मला. दुसरं काई नव्हतं. मला बरं वाटलं.

देवापुढं भंडारा ठेवला. आमच्यात खंडोबाचा भंडारा उचलला की खोटं बोलता येत न्हाई. बोललं तर वंसाला लागतं म्हनत्यात. सासऱ्यानं केवळाला इचारलं, "समग्याला कोनाला भेटती?"

"समग्याला?" ती म्हनली. "मामा, समग्याला माझं कोन हाय?" आन् ती येड्यावानी समद्यायकडं बघत राहिली. मास्तरचे शब्द काय व्हते ते कोनी तिला सांगितलेच न्हाईत. सांगितले असते तर तिला तिथंच उमगलं असतं. मला ठावं व्हतं ते. म्हूनच म्याबी सांगितले न्हाईत. मंग ती माझ्याकडं वळली. तोंड उजळलं तिचं. "बाई, तुमी तर कायम संगं व्हत्या ना? सांगा की यायला!"

सासरे म्हनले, "धुरपता, तू कानानं ऐकलं?"

म्या भंडारा उचलला. "जे कानानं ऐकलं तेच सांगितलं," असं म्हनले.

बघा, बोल खरा हाय. ऐकलं तेच सांगितलं. देवालाबी धरता येऊ नये असा बोल म्या जीपीत बसून जुळवून आनला व्हता. म्हंजे सांगनार व्हते का नव्हते, ते तुमीच वळखा.

लक्ष्मननं तिला मारलं न्हाई. मारलं असतं तर ती वरडली असती, मी मधी पडले असते, काई भाईर आलं असतं. तो भिताडाकडं तोंड करून बसला. सासऱ्यानं तिच्या हातात भंडारा दिला आन् वदवून घेतलं — पुन्ना चार मान्सायत गळा काढनार न्हाई. तिनं वदलं. हात पिवळा झालेला, तसाच पदराखाली घेतला. तव्हा ती पंचवीस-सव्वीसची असंल.

मास्तर दोनदा आला. सासऱ्यानं त्याला शिवंवरूनच लावून दिलं. तिसऱ्यांदा आला न्हाई. कॅसेट निघालीच न्हाई. तव्हा तिचा आवाज कोनी भरून ठेवला नव्हता, कशातच न्हाई. ज्यायनं ऐकला ते म्हातारे एकेक करून मरून राहिले. तुमी कुठंबी शोधा, केवळा तुमाला सापडत न्हाई.

मंग माझा संशय माझ्याकडं फिरला. कळमनुरीच्या बाजारात ढोलकीवाला म्हातारा दिसला की मी गल्ली बदलायची. ह्यानं कोनाला सांगितलं तर? हसत हसतच सांगंल, त्याच्यासाठी थट्टाच व्हती ती. तो मेला असं ऐकलं त्या दिशी मी पोटभर जेवले. हेबी लिहून घ्या.

आन् केवळा? तिच्याशी वागनं मला जमायचं न्हाई. ती चांगली वागली तरी संशय — हिला कळलं काय? गप राहिली तरी संशय. तिनं माझ्या लेकीची वेनी घालून दिली, मी वेनी सोडून बघायची, काई बांधलं बिंधलं न्हाई ना. एकदा आमी खळ्यावर उडद पाखडत व्हतो. ती मधीच थांबली. सूप हातात तसंच. आन् एकदा हसली — एकदाच, हुं करून. म्हनलं, "काय झालं गं?"

"काई न्हाई, बाई. एक गोष्ट ध्यानात आली." आन् पाखडायला लागली.

काय ध्यानात आलं तिच्या? तिनं जुळवलं असंल का — समगा, सम गाठा? इतक्या वर्सांनी? आन् जुळवलं असंल तर बोलली काहून न्हाई? म्या किती रात्री नुस्तं हेच कांडलं. तिला इचारलं न्हाई. इचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

आता ते सांगते ज्याच्यासाठी बसले. तुमाला वाटलं असंल ते झालं सांगून. न्हाई झालं.

जिल्हा झाला त्याच्या पाच-सहा वर्सांनी लक्ष्मन गेला. नांदेडच्या रस्त्यावर मेंढरं पार करताना गाडीनं उडवलं. सकाळी त्याला अंगनात आनून ठेवलं. सासू-सासरे तव्हा राहिले नव्हते. घरात मोठी मी.

आमच्याकडं मानूस गेलं की बाई नुस्ती रडत न्हाई. हेल काढती. गळा काढून, चाल लावून, तो मानूस कसा व्हता, काय खायाचा, कोनाला काय बोलायचा, ते समदं सांगत रडती. बायकोनं हेल काढला की मंग बाकीच्या बायका त्याच्यात आपला आवाज घालत्यात. गाव त्याच्यासाठी थांबतं. हेल निघाला न्हाई तर मानूस बिनमायेचा गेला असं धरत्यात.

केवळा त्याच्या डोक्याशी बसली. समद्या बायका तिच्याकडं बघून राहिल्या. तिचं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा वर आल्या, आन् आवाज न्हाई. तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. चार मान्सायत गळा काढनार न्हाई — तिनं वदलं व्हतं, आन् ती पाळून राहिली व्हती. आठ-नऊ वर्सं. जात्यावरबी गायली न्हाई, पाळन्यापाशी न्हाई.

मागून कुजबुज सुरू झाली. "बघ की, डोळ्याला पानी हाय, पन हेल न्हाई." "कुठून येईल? त्या बँडवाल्याचं इसरलात का?" "मनातच नव्हता नवरा." म्या ऐकलं. माझे कान तिखट, तुमाला ठावंच हाय.

केवळा माझ्याकडं सरकली. माझ्या कानाशी तोंड आनलं. म्हनली, "बाई, आजच्या दिस सुटली म्हना. तुमी मोठ्या. तुमी म्हनल्या की झालं."

हे बराबर हाय. शपथ घातली तशी सुटतीबी. घरचं मोठं मानूस 'सुटली' म्हनलं की सुटली. लेकरं खेळताना म्हनत्यात तसं. एकच शब्द. बाकी काई सांगायचं नव्हतं, कबूल करायचं नव्हतं. कोनी मला काई इचारनार नव्हतं.

माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. मनात आलं — मी सुटली म्हनले तर लोक म्हनतील, म्हंजे धुरपताची शपथच खोटी व्हती का? आन् दुसरं आलं — हिनं गळा काढला तर हेलात काय काय सांगंल? हेलात बाई समदं सांगती. तिला अडवता येत न्हाई. हिला कळलं असंल तर आज गावापुढं गाऊन सांगंल, चाल लावून, आन् तिचा तो गळा — एकबी मानूस इसरनार न्हाई.

समोर माझा दीर मरून पडला व्हता. आन् मी माझा हिशोब करून राहिले व्हते.

म्या तिला म्हनलं, "देवाचं हाय ते, केवळा. माझ्या हातात न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. लई येळ न्हाई. मान हलवली, माघारी त्याच्या डोक्याशी जाऊन बसली आन् त्याच्या केसातली माती काढत राहिली. शेवटी हेल म्या काढला. थोरल्या भावजयीनं. माझा आवाज चांगला न्हाई, तरी बायकायनी मागं आवाज घातला. लक्ष्मन असा गेला — माझ्या गळ्यानं.

गावात आजबी म्हनत्यात, केवळानं नवऱ्यासाठी हेल काढला न्हाई. म्या कोनाला खोडून काढलं न्हाई.

माझा नवराबी गेला मागच्या साली. आता घरात आमी दोघीच. तिची खोली माझ्या खोलीला लागून, मधी एक भिताड. माझे गुडघे गेल्यापासून सकाळचा चहा तीच करून आनती. कपबशी हातात देती, म्हनती, "फुकून प्या बाई, गरम हाय." मी फुकून पिते. आतासुदिक ती पलीकडं काईतरी निवडून राहिली हाय, सूप वाजतंय. एवढं लांबलचक तुमाला सांगितलं. उठून चार पावलं गेलं तर ती हाय.

मी गेले न्हाई.